मायनस वीसमधला निरोप्या

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. मला पाय नाहीत, खांद्याला पिशवी नाही, खाकी कपडे तर नाहीतच. मी इतका लहान आहे की माझ्यासारखे कोट्यवधी टाचणीच्या टोकावर बसले तरी तिथं दाटी झाली असं कुणी म्हणणार नाही. माझं नाव इंटरल्युकिन-दोन. तुम्ही वरणातून जी प्रथिनं खाता त्यांचा मी लांबचा भाऊबंद. माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. शरीरात रोगजंतू शिरला की त्यातली एक पेशी बाकीच्यांना सांगावा धाडते, "उठा, वाढा, संख्येनं या." तो सांगावा म्हणजे मी.

आता यातली गंमत ऐका. मी माणसाचा सांगावा खरा, पण माणसाच्या अंगात मी एकदाही गेलेलो नाही. माझा जन्म बंगळूरजवळच्या एका कारखान्यात, पोलादी पिंपात झाला. मला घडवायची जी कृती माणसाच्या पेशीत लिहिलेली असते ती शास्त्रज्ञांनी उचलली आणि एका साध्यासुध्या जंतूच्या पोटात ठेवली. जंतूला काय, पुढ्यात आलेली कृती तो करत सुटतो. अशा प्रथिनाला रिकॉम्बिनंट म्हणतात. कृती एकाची आणि स्वयंपाक दुसऱ्याचा, असं समजा. मग मला गाळलं, धुतलं, पारखलं आणि गोठवून वाळवलं. बोटाएवढ्या काचेच्या कुपीच्या तळाशी पांढरी पुसट पापडी धरली होती, तेवढाच मी. कुपीवर चिठ्ठी चिकटवली होती: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. माणसाचा म्हणून जन्माला यायचं आणि माणसाच्या वाटेला जायचं नाही, हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

आम्ही दोन भाऊ, म्हणजे दोन कुप्या. बर्फाच्या पुड्यांमध्ये बसून आधी सोलापूरला आणि तिथून तुळजापूरच्या बाहेर माळावर असलेल्या एका कॉलेजात आलो. तिथल्या प्रयोगशाळेत तीन माणसं माझ्या नशिबी आली. उमादेवी मॅडम तिथल्या प्रमुख. निकिता ही त्यांची विद्यार्थिनी, इथल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची, पीएच.डी. करणारी, घाईत असली की उजव्या पायातली चप्पल फरफटत चालणारी. आणि महालिंगप्पा, प्रयोगशाळेचे परिचर. त्यांना सगळे अप्पा म्हणत. बेंबळीहून रोज पहिल्या एसटीनं येत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात स्वच्छ धुतलेलं फडकं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून काचेची एक नळीसुद्धा फुटली नव्हती, आणि ही गोष्ट ते नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत.

आमचा मुक्काम फ्रीजरमध्ये, मायनस वीसला. दाराच्या रबराला एका कोपऱ्यात बारीक फट होती. अप्पा दर आठवड्याला ती पुसून, दाबून बसवत, पण माझ्या कानाला तेवढी पुरे होती. बाहेरचं सगळं बोलणं मला तिथून ऐकू येई.

निकिताचं काम असं होतं. तिच्या गावाकडच्या माळावर एक झुडूप उगवतं. त्याचा पाला उकळून प्यायला की सांधे धरायचे थांबतात, असं तिकडची माणसं सांगतात. काही सांधेदुखी अशी असते की शरीराच्या राखणदार पेशी घरच्याच माणसांवर उठतात आणि सांधे सुजवतात. अशा वेळी पेशींना जाणारा सांगावा या पाल्यामुळं अडतो का, हे तिला बघायचं होतं. झुडपाचं नाव मी सांगणार नाही, कारण मी तुम्हांला ओळखतो. नाव ऐकलं की उद्याच तुमच्या घरी पातेलं चुलीवर चढेल.

तिनं पहिली कुपी उघडली, म्हणजे मलाच. औषधी पाण्यात विरघळवून मला दहा छोट्या नळ्यांत वाटलं. धाकटा भाऊ कोरडाच राहिला, पुढं लागला तर असू दे म्हणून. घट बसले त्याच्या आदल्या आठवड्यात एक नळी कामी आली. डब्यांत वाढवलेल्या पेशींवर मला सोडलं आणि मित्रांनो, काय सांगू, पेशींनी माझं ऐकलं. तीन दिवसांत त्या दुपटीतिपटीनं वाढल्या. निकिता सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेना. "मॅडम, बघा तरी, कशा भरल्यात," असं ती म्हणाली आणि मला पहिल्यांदा आपण जन्माला आल्याचं सार्थक वाटलं. प्रयोगाचा हा अर्धा भाग झाला, बिनपाल्याचा. पाल्याचा अर्धा भाग दसऱ्यानंतर करायचा ठरलं. खरं तर दोन्ही बरोबरीनंच व्हायला हवे होते, पण पेशी उबवायचं कपाट होतं एवढंसं आणि डब्या मावत नव्हत्या. उरलेल्या पेशी द्रव नायट्रोजनच्या पिंपात गोठवून ठेवल्या. त्या पिंपाला वीज लागत नाही. निकिता घट उठवायला गावी गेली, मॅडम सोलापूरला माहेरी गेल्या.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. शेतकरी नांगर-कुळव धुतो, सुतार करवत-रंधा मांडतो, ड्रायव्हर गाडीला झेंडूची माळ घालतो. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, त्यालाही विसावा द्यायचा. अप्पांची हत्यारं म्हणजे प्रयोगशाळेतली यंत्रं. ते सकाळी आंघोळ करून एकटेच आले, सगळी बटणं बंद केली आणि एकेक यंत्र पुसायला घेतलं. फ्रीजरसुद्धा ते दरवर्षी या दिवशी बंद करत. वर्षभर घुरघुरत असतो बिचारा, म्हणत. आतला बर्फ उतरवून, कोपरान् कोपरा पुसून, दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याचं पान वाहून तो पुन्हा सुरू करत. आजवर आत असायच्या बर्फाच्या पुड्या आणि कसलीकसली रसायनं, त्यांचं काही बिघडत नव्हतं. यंदा आत मी होतो, आणि ते अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी आमचा डबा हलक्या हातानं बाहेर काढला. टेबलावर धुतलेला पंचा अंथरून त्यावर ठेवला, विभूतीचं बोट लावलं, एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. इतक्या मायेनं मला तोवर कुणी हाताळलं नव्हतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. पहिल्या तासात मी वितळलो. दुपारपर्यंत कोमट झालो.

आम्हा प्रथिनांचं सगळं कसब आमच्या घडीत असतं. फेटा बांधलेला असतो तोवर फेटा. सुटला की नुसतं लांबलचक कापड. त्या दोन दिवसांत माझा फेटा सुटला. दुखलं नाही, पण आपण आता कुणाला काही सांगू शकणार नाही हे मला कळलं आणि फार एकटं वाटलं. दसऱ्याला दिवेलागणीच्या वेळी अप्पा आले, आपट्याची पानं वाहिली, डबा होता तसा आत ठेवला आणि बटण दाबलं. मी पुन्हा गोठलो. दिसायला होतो तसाच. पाण्यासारखा, नितळ.

दसऱ्यानंतर आई तुळजाभवानी पलंगावर निद्रा घेते, त्या दिवसांत निकिता परतली. तिनं माझ्या तीन नळ्या काढल्या, पाल्याचा अर्क घातलेल्या डब्यांत सोडल्या. मी पेशींना काय सांगणार? मी तर मुका झालो होतो. पेशी वाढल्या नाहीत. आणि मित्रांनो, निकिताला वाटलं, पाल्यानं सांगावा अडवला. हेच तर तिला हवं होतं. तिनं पुन्हा मोजलं, आकडे मॅडमना दाखवले. मॅडमचा चेहरा उजळला. संभाजीनगरला परिषद होती, तिथं हे मांडायचं ठरलं. बिनपाल्याच्या डब्या पुन्हा करून बघाव्यात, असं मॅडम एकदा म्हणाल्या, पण परिषद झाली की करू म्हणून ते मागं पडलं. मी आतून किती ओरडलो. पण घडी मोडलेल्या निरोप्याचं कोण ऐकतो?

निकितानं पेढे आणले. अप्पांच्या हातावर पेढा ठेवत ती म्हणाली, "अप्पा, पाला काम करतोय बघा."

अप्पांचा चेहरा एकदम हलका झाला. त्यांची बायको नीलम्मा, तिच्या बोटांचे सांधे दोन वर्षांपासून सुजत होते. "मग आमच्या हिला आजपासनं हेच देतो," ते म्हणाले. "सोलापूरच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी तिचं पोट जळतंय. केव्हाची म्हणतीय, गोळ्या सोडते म्हणून."

"गोळ्या एवढ्यात सोडू नका," निकिता म्हणाली खरी, पण हसत म्हणाली, आणि हसत दिलेला सल्ला कोण मनावर घेतो. पुढच्या सोमवारी तिनं स्वतःच गावाकडून पाल्याची पिशवी आणून अप्पांना दिली.

आठवडाभरानं ती परिषदेसाठी लिहायला बसली होती आणि अप्पा नळ्या धूत होते. लिहिता लिहिता ती म्हणाली, "तुमच्या फ्रीजरचं बी नाव टाकायला पायजे, अप्पा. ते प्रथिन लई नाजूक असतंय. चार तास जरी फ्रीजर बंद पडला असता ना, तर ह्यातलं एक अक्षर खरं ठरलं नसतं."

नळाचं पाणी वाहत राहिलं. अप्पांनी ते बराच वेळ बंद केलं नाही.

"चार तास?" त्यांनी विचारलं.

"चार बी लई झाले," निकिता म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली.

तेव्हापासून अप्पा बदलले. जेवणाच्या सुट्टीत एकटे असले की फ्रीजर उघडून उभे राहत. माझ्या उरलेल्या सहा नळ्या उचलून उजेडात धरत. त्यात त्यांना काय दिसणार होतं? स्वच्छ बर्फ दिसत होता. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होतो. सांगून टाका अप्पा, मी म्हणत होतो, मला येत नाही म्हणून तुम्ही सांगा. पण नोव्हेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. निरोपसमारंभात बोलायचं म्हणून मॅडमनी एकतीस वर्षांत एक नळी न फुटल्याचं वाक्य कागदावर लिहूनही ठेवलं होतं. आणि बंद फ्रीजर पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. ते गप्प राहिले. एक दिवस, दोन दिवस. मला त्यांचा राग आला, मित्रांनो. आणि दयाही आली.

तिसऱ्या दिवशी सुट्टीत त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही, कारण तो आणलाच नव्हता. चहाबरोबर खारी खात बसले होते. निकितानं विचारलं, "आज भाकरी न्हाय व्हय अप्पा?"

"हिला थापता येईना," अप्पा म्हणाले. "बोटं वळंनात. सकाळी तांब्या धरता येईना हातात. दहा दिस झाले, गोळ्या बंद करून बसलीय. म्हणती, कॉलेजात सिद्ध झालंय ना मग कशाला गोळ्या."

निकिताच्या हातातला घास तसाच राहिला. अप्पांनी खारी खाली ठेवली, खिशातलं फडकं काढून हात पुसले आणि उठले. "ताई, मॅडमकडं चला. मला दोघींना मिळून सांगायचंय."

मॅडमची खोली प्रयोगशाळेला लागूनच होती. दार उघडं होतं, आणि माझी फटही.

"म्या फ्रीजर बंद केला होता," अप्पा म्हणाले. "नवमीच्या सकाळपासनं दसऱ्याच्या दिवेलागणीपतूर. डबा भाईर टेबलावर होता. पूजेला. ताईंनी चार तास म्हटल्यापासनं मला ठावं हाय, आन् तीन दिस म्या गप बसलो. निवृत्तीच्या तोंडावर नाव खराब व्हईल म्हणून गप बसलो. दुसरं कारण न्हाय."

 निकिता म्हणाली, "अप्पा, आधी एकदा इचारायचं तरी."

"इचारायचं असतंय हे ठावं पायजे ना, ताई. दरसाल करतोय म्या. हे हत्यार बंद करायचं नसतंय, हे मला कोण बोललं?"

 निकितानं माझ्याबद्दल मॅडमना सांगितलं होतं, मैत्रिणींना सांगितलं होतं, वाशीला आईलासुद्धा फोनवर सांगितलं होतं. रोज फ्रीजर पुसणाऱ्या माणसाला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

"फ्रीजरच्या दारावर मी चार ओळी लावल्यात," मॅडम हळू म्हणाल्या. "इंग्रजीत. ज्याला त्या वाचता येतात तो फ्रीजर कधी बंद करणार नव्हता. आणि बंद करणाऱ्यासाठी मी एक ओळ मराठीत लिहिली नाही. ही माझी चूक आहे, अप्पा. तुमची चूक तीन दिवसांची. माझी त्याहून जुनी आहे." मग त्यांनी फोन हातात घेतला. "परिषदेला कळवते, आपण येत नाही म्हणून. निकिता, पेशी आहेत ना अजून?"

पेशी होत्या. नायट्रोजनच्या पिंपालाही अप्पांनी माळ घातली होती, पण त्याला बटणच नव्हतं. आणि धाकटा भाऊ होता. तोही त्या दोन दिवसांत तापला होता, पण कोरडा होता आणि कोरड्याला ऊन लवकर बाधत नाही. त्याला विरघळवलं आणि या वेळी सगळ्या डब्या एकदम लावल्या, बिनपाल्याच्या आणि पाल्याच्या, शेजारी शेजारी. बिनपाल्याच्या एका डबीत मला, मुक्यालाही सोडलं, खात्री करायला.

तीन दिवसांनी निकितानं मोजलं. माझ्या डबीत काहीच वाढलं नव्हतं. भावाच्या बिनपाल्याच्या डब्या भरल्या होत्या. आणि त्याच्या पाल्याच्या डब्याही तशाच भरल्या होत्या. पाल्यानं काही अडवलं नव्हतं. ती दोनदा मोजून स्टुलावर बसून राहिली, डोळ्यांतून पाणी आलं ते ओढणीनं पुसलं आणि वहीत आकडे लिहिले. चांगले आकडे लिहिताना तिचं अक्षर जसं होतं तसंच याही वेळी होतं. मी तेव्हा तिला मनातून मुजरा केला.

अप्पांनी प्रयोगशाळेतूनच घरी फोन लावला. "गोळ्या चालू कर," ते म्हणाले. "पाल्यात काय सापडलं न्हाय." पलीकडून नीलम्माचा आवाज इतका मोठा आला की फट नसती तरी मला ऐकू आला असता. "मग एवढं कडू पाणी मला कुणाच्या नावानं पाजलंत?" अप्पा म्हणाले, "माझ्या," आणि फोन ठेवला. आठवड्याभरानं त्यांच्या डब्यात पुन्हा भाकरी आली. जाड होती आणि कडेला फाटली होती. ते ती कौतुकानं सगळ्यांना दाखवत होते.

निवृत्तीच्या दिवशी मॅडमनी नळीचं वाक्य वाचलं नाही. फ्रीजरची गोष्ट सांगितली, नाव घेऊन, अप्पांना आधी विचारून. मागच्या बाकावर काही मुलं हसली. अप्पा ताठ बसून होते.

माझ्या चार नळ्या मॅडमनी रीतसर नष्ट केल्या. एक मात्र निकितानं ठेवून घेतली. नवी मुलं आली की ती भावाची नळी आणि माझी नळी शेजारी धरते आणि विचारते, "सांगा, यातली बिघडलेली कुठली?" आजवर एकालाही सांगता आलं नाही. मग ती अप्पांची गोष्ट सांगते. माझं काम आता एवढंच.

यंदाच्या खंडेनवमीला अप्पा बेंबळीहून मुद्दाम आले. निकितानंच बोलावलं होतं. बाकीची यंत्रं बंद करून, पुसून झाली आणि ते फ्रीजरपुढं थांबले. दारावर आता मराठीत आणि कानडीत मोठ्या अक्षरांत पाटी आहे. अप्पांची शाळा कानडी, ते अक्षर त्यांचंच आहे.

"चालत्या हत्याराची पूजा कशी करू?" ते म्हणाले. "मनाला पटंना."

"घटापुढचा दिवा नऊ दिवस इझवत न्हाईत ना, अप्पा?" निकिता म्हणाली. "तसंच समजा. ही हिरवी लाईट म्हंजी तो दिवा."

अप्पा हसले. चालत्या फ्रीजरला त्यांनी विभूती लावली, माळ घातली. मग दार अर्धा मिनिट उघडून माझ्या नळीपाशी झेंडूची एक पाकळी ठेवली आणि पटकन लावून घेतलं. बिघडलेल्या हत्याराची कुणी पूजा करत नाही, मित्रांनो. त्यांनी केली.

मला तुमच्याजवळ फार मागायचं नाही. वस्तू जपा, पण ती कशानं बिघडते हे आधी विचारून जपा, आणि जपणाऱ्या हाताला ते सांगा. आणि तुमच्या हातून काही बिघडलंच, तर आमची वाट बघू नका. आम्ही नितळ दिसतो, गोठून पहिल्यासारखे होतो, तुमचं नाव कधीच सांगत नाही. मी जन्मानं निरोप्या, पण ज्या निरोपावर नीलम्माची बोटं अवलंबून होती तो मला देता आला नाही. तो अप्पांनी दिला. तीन दिवस उशिरा दिला, पण पायी चालत जाऊन, स्वतःच्या तोंडानं दिला.